डोक्यावर सॅक, हातात पातेलं

शहापूरला आमच्या घरमालकीण काकींनी मला जितकं छळलं, तितकं सासूनंही छळलं नाही. आणि माझी सासू काही कमी नव्हती. छळ म्हणजे भांडण नव्हे. भांडल्या असत्या तर मी खोली बदलली असती. काकी फक्त सावकाश असत. नळाला पाणी येवो, दूध उतू जावो, किन्हवलीची एसटी फाट्यावर हॉर्न देत उभी राहो, त्यांचं एकच, "दमानं गो. पळून चाललंय का?"

एसटी खरोखरच पळून जायची. कारण मी पायात चपला घालत असताना काकींना मला ताज्या भोपळ्याचा देठ दाखवायचा असे. शाळेत उशिराचा शेरा मला मिळे आणि संध्याकाळी काकी विचारत, "पोचलीस ना पण?"

उंच बाई. हिरवं नऊवारी, कपाळावर गोंदण, आणि मान अशी ताठ की फोटो काढणाऱ्यानं हनुवटी वर करायला सांगायची गरज नाही. आयुष्यभर डोक्यावरून भाताचे भारे वाहिले की मान तशी होते. नवरा लवकर गेला. किन्हवलीकडे थोडी भाताची जमीन, शहापुरात हे घर, आणि एकुलती एक मुलगी, जिला त्यांनी इंजिनिअर केलं. घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्हांला दिलेल्या. नवरा कल्याणला नोकरीला, मी किन्हवलीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला. मुरबाडच्या किराणा दुकानदाराची मुलगी मी, पण इंग्रजी शिकवते म्हणून स्वतःला मडमेची धाकटी बहीण समजत होते. त्या वेळचे माझे फोटो नाती बघतात तेव्हा मी अल्बम काढून घेते. चष्म्याला साखळी, केसांना क्लिपा, आणि चेहऱ्यावर सगळ्या तालुक्याचं व्याकरण तपासायला निघाल्याचा भाव.

राहायला गेले त्याच आठवड्यात काकींनी वाटीभर वालाचं बिरडं दिलं. मी ती वाटी लख्ख घासून, पुसून परत केली. मला वाटलं, किती टापटिपीची भाडेकरू! काकींनी वाटी उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली आणि माझ्याच ओट्यावर ठेवली.

"बाई, रिकामी वाटी परत करतात का कुणी?"

"स्वच्छ आहे हो काकी."

"स्वच्छ हाय म्हणून तर दिसतंय का रिकामी हाय. चिमूटभर साखर तरी टाक. रिकामं भांडं सुतकाच्या घरातून येतं."

मी रागारागानं चिवडा भरून दिला. दुसऱ्या दिवशी त्यात घारगे आले. मी शिरा दिला. त्यात सुकी करंदी आली, तीही माझ्यासारख्या शाकाहारी बाईच्या दारात. माझ्या नवऱ्यानं ती आनंदानं संपवली. ती स्टीलची वाटी आमच्या दोन दारांमध्ये वर्षानुवर्षं येरझारा घालत राहिली. एखाद्या दिवशी मला स्वयंपाकाचा कंटाळा असे, पण वाटी ओट्यावर बसून माझ्याकडे बघत असे.

काकींची मुलगी लग्न होऊन म्युनिकला गेली आणि तिला दिवस राहिले. बाळंतपणाला आई हवी. आई म्हणाली, मी एकटी विमानात बसणार नाय, मला बोलायला माणूस पायजे. मुलीनं माझं नाव सुचवलं. मे महिन्याची सुट्टी होती, तिकीट ती काढणार होती, आणि मला इंग्रजी येत होतं, निदान तसं मी सगळ्यांना सांगितलेलं होतं. शिक्षकांच्या खोलीत मी ही बातमी रोज नव्यानं सांगत होते. कुणी डबा उघडला की, "युरोपात काय खायला मिळेल कोण जाणे." कुणी छत्री झटकली की, "तिकडचा पाऊस म्हणे फार बारीक."

पण मला जर्मनी बघायचं नव्हतंच. मला एक किल्ला बघायचा होता. मुरबाडला बाबांच्या दुकानात गल्ल्याच्या मागे एक परदेशी कॅलेंडर होतं. औषधं विकणाऱ्या कुणीतरी दिलेलं. साल उलटून गेलं तरी बाबांनी ते काढलं नाही, कारण भिंतीवरचा ओलीचा डाग त्यामागे झाकला जाई. त्यावर एका डोंगरावर पांढराशुभ्र किल्ला, खाली नदी, घुमटांचं गाव. गूळ बांधता बांधता, तेल मोजता मोजता मी तो बघत मोठी झाले. मुलीच्या घरी म्युनिकला एका माहितीपत्रकावर तोच किल्ला दिसला तेव्हा मी जवळजवळ किंचाळले. साल्झबर्ग. आगगाडीनं दोनेक तासांवर. जावयांनी सांगितलं की नावाचा अर्थ मिठाचा किल्ला.

"मिठाचा?" काकी म्हणाल्या. "मग पावसात कसा टिकला?"

बाळ महिन्याचं झालं तसं जावई म्हणाले, दोघी जाऊन या, शनिवारी जा, रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत. राहायला पाठीवर सॅक घेऊन फिरणाऱ्या मुलांचं स्वस्तातलं वसतिगृह. त्यांनी स्वतःची कॉलेजातली भलीमोठी नारिंगी सॅक काढून दिली. मी त्यात एका रात्रीसाठी तीन साड्या घातल्या, त्यातली एक नारायणपेठ, किल्ल्यावर फोटो काढायला. काकींनी घातलं एक लुगडं आणि फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या.

"किल्लाच बघायचा तर आसनगावला माहुली हाय की," काकी गाडीत म्हणाल्या. "कदी चढलीस?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

साल्झबर्गला उतरलो आणि पहिला तमाशा स्टेशनातच. सॅक कोण घेणार? माझी पाठ दुखते, हे मी आधीच जाहीर केलेलं होतं. काकींनी सॅकचे पट्टे उलटेसुलटे केले, पाठीला लावून बघितली आणि खाली ठेवली. "ही बैलाची रीत. मानसाचं ओझं डोईवर." मग टॉवेलाची चुंबळ केली, ती डोक्यावर ठेवली, तिच्यावर ती नारिंगी सॅक चढवली, आणि हात न लावता बाई चालू लागल्या. नऊवारी, पायात जावयाच्या बुटांची जुनी जोडी, डोक्यावर सॅक, मान ताठ. रस्त्यातली माणसं वळून बघू लागली. एका जपानी जोडप्यानं फोटो काढले. मी दहा पावलं पुढे चालत होते, ओळख नसल्यासारखी. पण साड्या माझ्या होत्या आणि त्या बाईंच्या डोक्यावर होत्या, त्यामुळे फार पुढे जाण्याचीही सोय नव्हती.

पूल ओलांडला आणि किल्ला दिसला. कॅलेंडरातला. चित्रातला बर्फ तेवढा नव्हता. "काकी, आत्ताच जाऊ या वर!"

"जाऊ की. दमानं. पळून चाललाय का?"

किल्ल्याच्या पायथ्याशी एक स्मशान आहे. स्मशान कसलं, बागच. प्रत्येक थडग्यावर फुलांचा छोटा वाफा. काकी आत शिरल्या, कारण फाटक उघडं होतं. मी म्हटलं पाच मिनिटं. काकी एका थडग्यापाशी थांबल्या. बाकीच्यांवर फुलं, याच्यावर गवत माजलेलं. "याचं कोण उरलं नसंल गो," असं म्हणून त्यांनी सॅक उतरवली, लुगड्याचा काष्टा खोवला आणि बेणायला बसल्या. भाताच्या आवणातलं गवत उपटावं तसं, दोन्ही हातांनी, मुळासकट. मी इकडेतिकडे बघत उभी. एक माणूस आला, मला वाटलं आता पोलीस. त्यानं टोपी काढली आणि पुढे गेला. काकींनी एक थडगं संपवलं, मग शेजारचं सुरू केलं, कारण गवताला शीव कळत नाही म्हणाल्या. ते होईपर्यंत किल्ल्यावर जाणारी दोराची शेवटची गाडी गेली आणि बारीक पाऊस सुरू झाला.

मी बोलायचं बंद केलं. माझ्या न बोलण्याचा काकींवर कधीच परिणाम होत नसे. त्या एका गल्लीतल्या दाराच्या आडोशाला बसल्या, फडकं सोडलं, आणि आम्ही गार भाकरी चावत बसलो. तेवढ्यात मागचं दार उघडलं. एक म्हातारी. पांढरे केस, विणलेला निळा स्वेटर, तोंड अगदी आंबट. मी माझं सगळं इंग्रजी गोळा करून क्षमा मागू लागले. ती आत गेली. मी म्हटलं काठी आणायला गेली. आली ती निळ्या काठाचं झाकणाचं पातेलं घेऊन. गरम कढण, त्यात पिवळ्या पट्ट्या. पातेलं काकींच्या हातात दिलं, दोन चमचे दिले, काहीतरी पुटपुटली आणि दार लावलं.

काकींनी चमचाभर तोंडात घातलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "घावन गो! घावन कापून सारात टाकलंय!"

कढण कशाचं, ते मी विचारलं नाही. घावनाच्या पट्ट्या वेचून खाल्ल्या. खरं सांगायचं तर थंडीत ते सार अमृतासारखं लागलं. संपल्यावर काकींनी घंटी वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. म्हातारी झोपली असावी किंवा तिला कमी ऐकू येत असावं. मी म्हटलं, ठेवा दारात आणि चला.

काकींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला शहापूरच्या माझ्या ओट्याची आठवण झाली.

"रिकामं?"

पातेलं आमच्याबरोबर वसतिगृहात आलं. एका खोलीत आठ पोरंपोरी, एकावर एक पलंग. काकींना खालचा मिळाला. मी साडी सावरत शिडीनं वरच्यावर चढताना अर्ध्यात अडकले आणि एका नॉर्वेच्या मुलीनं मला मागून ढकलून वर पोचवलं. माझ्या परदेश दौऱ्यातलं सगळ्यांत उंच चढण तोवर तीच.

रविवार उजाडला. ऊन स्वच्छ. मी नारायणपेठ नेसले. माझा हिशेब सरळ होता: दुकानातून साखर घ्यायची, पातेल्यात ओतायची, म्हातारीच्या दारात ठेवायचं, किल्ला. पण त्या देशात रविवारी दुकानं बंद. एक नाही, दोन नाही, सगळी. आम्ही गल्ल्यागल्ल्यांतून फिरलो. काकींच्या डोक्यावर सॅक, हातात पातेलं, मी पुढे नारायणपेठेत, आणि वर तो किल्ला, कुठल्याही गल्लीच्या टोकाला उभा. स्टेशनात एक दुकान उघडं सापडलं. मी चॉकलेटं उचलली.

"इथलंच घेऊन इथंच द्यायचं?" काकी म्हणाल्या. "तिच्या पातेल्यात आपला हात लागला पायजे."

"काकी, तुमच्या हाताची तिला काय पडलीय? ती आपल्याला ओळखत नाही, आपण तिला ओळखत नाही, आपण पुन्हा इथे येणार नाही! मी चाळीस वर्षं त्या किल्ल्याकडे बघत आलेय!"

"मग आजून दोन तासांनं काय होतंय?"

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक फळी होती. निघून जाणारी मुलं उरलेलं सामान तिथे ठेवून जात, ज्याला हवं त्यानं घ्यावं. काकींना त्यात अर्धं पाकीट तांदूळ दिसले. "कुणाचे?" मी समजावलं, कुणाचे नाहीत, सगळ्यांचे. काकींना ते पटेना. सगळ्यांचे तर सगळ्यांना दिले पाहिजेत. मग मोठं भांडं शोधलं. एका दाढीवाल्यानं दूध दिलं. त्याचंही देणं लागू झालं. नॉर्वेच्या मुलीनं साखर आणि बेदाणे दिले. तिचंही. काकींनी खीर घातली, लाकडी चमच्यानं, जिथे पाच मिनिटं ढवळायचं तिथे वीस मिनिटं, आणि पहिले वाडगे त्या पोरापोरींना दिले. ती पोरं वाडगे चाटून परत आली. मी नारायणपेठेचा पदर खोचून भांडी घासत होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं मी सोडून दिलं होतं. आता तेच माझ्याकडे बघत होतं.

शेवटी म्हातारीच्या दारात पोचलो तेव्हा दुपार पार कलली होती. घंटी वाजवली. दार उघडलं. काकींनी पातेलं पुढे केलं. म्हातारीनं झाकण उचललं, वास घेतला, आणि तो आंबट चेहरा असा काही हलला की मी बघतच राहिले. तिनं बोटानं खीर चाटली, दोन्ही हातांनी काकींचा हात धरला, सॅकसकट, आणि आत ओढलं.

"काकी, नाही! किल्ला बंद होईल!"

काकी जिना चढून गेल्या होत्या.

वर तिसऱ्या मजल्यावर तिचं स्वयंपाकघर. केक निघाला, कॉफी निघाली, भिंतीवरचे नवऱ्याचे फोटो निघाले. काकी मराठीत बोलत होत्या, ती तिच्या भाषेत, आणि दोघींना सगळं कळत होतं. काकी टेबलावर बोटांनी भात लावून दाखवत होत्या, एक काडी, दुसरी काडी, आणि म्हातारी हसत होती. समोरच्या खिडकीत किल्ला. एवढा जवळ की त्याच्या भिंतीतली भोकं मोजता यावीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

काकींनी ते बघितलं. केकचा तुकडा खाली ठेवला.

"काय झालं गो?"

"काय झालं म्हणजे? शेवटची गाडी आता जाईल वर. मला तो किल्ला बघायचाय. एवढ्यासाठी आले मी!"

"मग जा की."

"म्हणजे?"

"जा. मी काय तुझ्या पायाला दावं बांधलंय? मला कुठं बघायचाय किल्ला? कालपासून मला वाटतंय, ही मला दाखवायला धडपडतेय. स्टेशनावर भेटू."

"एकटी?" मी म्हटलं.

त्या क्षणी त्यांना ते कळलं आणि मलाही. त्या रस्त्यांवरून, त्या पुलावरून, त्या तिकिटाच्या खिडकीपर्यंत एकटीनं जायची माझी छाती नव्हती. दोन दिवस मी त्या बाईच्या नावानं खडे फोडत होते ते यासाठी, की सॅक डोक्यावर घेतलेली ती बाई मागून चालत असेल तरच माझे पाय पुढे पडत होते.

"तुला इंग्रजी येतं," काकी म्हणाल्या. "मला तेपण नाय. तरी मी इथं एकटी राहते. जा."

म्हातारीनं माझ्या हातात केकचा तुकडा कोंबला आणि मला दाराबाहेर काढलं.

मी धावले. नारायणपेठ गुडघ्यापर्यंत उचलून मुरबाडच्या दुकानदाराची मुलगी धावली. तिकिटाच्या खिडकीशी म्हणायचं वाक्य मी विमानात पाठ केलेलं होतं, विनंतीवाचक क्रियापदांसह. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "वन?" मी एक बोट वर केलं. एवढंच माझं सगळं इंग्रजी लागलं. दोरानं ओढली जाणारी ती गाडी डोंगरावर चढू लागली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, आणि मग चिडून उघडले.

वर पोचले. खाली नदी, घुमट, पलीकडे बर्फाचे डोंगर. सगळं होतं. फक्त किल्ला नव्हता. किल्ल्यावर उभं राहिलं की किल्ला दिसत नाही, ही गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलीच नव्हती. कॅलेंडरातलं चित्र खालून काढलेलं होतं. अगदी त्या म्हातारीच्या खिडकीतून दिसतो तसंच.

फोटो काढायला माझ्याकडे कॅमेरा होता, पण काढणारं कुणी नव्हतं. मी कठड्याशी गेले आणि खालच्या गल्ल्या बघू लागले. हे छप्पर नाही, ते नाही, तो हिरवा घुमट, त्याच्या डावीकडची गल्ली. पहारेकरी किल्ला बंद करायला आला तरी मी वाकून शोधतच होते. आणि मग दिसली. तिसऱ्या मजल्याची खिडकी, त्यातून बाहेर वाकलेलं हिरवं लुगडं. काकी त्या म्हातारीच्या टेबलावरचं कापड खिडकीबाहेर झटकत होत्या, अंगणात सतरंजी झटकावी तशा. कुठेही गेलं तरी बाईला काम सापडायचंच! मी हात हलवला. वेड्यासारखा हलवला. काकींनी वर बघितलं नाही. कापडाची नीट घडी घातली आणि खिडकी लावून घेतली.

स्टेशनावर काकी बाकावर बसल्या होत्या, शेजारी सॅक, मांडीवर कागदात गुंडाळलेला केक. मी धापा टाकत पोचले, गाडी यायला थोडाच अवकाश होता.

"बघितलास किल्ला?"

"बघितला."

"काय दिसलं वरून?"

मी खरं तर नदी सांगणार होते, बर्फाचे डोंगर सांगणार होते. शिक्षकांच्या खोलीत पुढे तेच सांगितलं. पण त्या वेळी धाप लागलेली होती आणि तोंडातून खरं तेच बाहेर पडलं.

"तुम्ही दिसलात. कापड झटकत होतात."

काकींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. चुरगळलेली नारायणपेठ, सुटलेल्या क्लिपा, सगळं.

"मला बघायला एवढं वर गेलीस?" त्या म्हणाल्या. "तिथंच बसली असतीस तर फुकट दिसले असते. वर आणि केक गरम होता."